महाजनांच्या दारावर

तोताराम महाजनांचं पुढचं दार घासत होतं. हे काही नवीन नव्हतं. जळगावात कॉलनीत घर बांधलं, वास्तुशांत झाली, आणि शेवटची पंगत उठायच्या आत दार जे घासायला लागलं ते आजतागायत घासत होतं. पण त्यांच्या पत्नी सुनंदाबाई होत्या तोवर ते लागत होतं. त्या डाव्या पायाचा अंगठा दाराखाली सारायच्या, कमरेने एक धक्का द्यायच्या, दार बोटभर वर उचललं जायचं आणि कडी कोयंड्यात बसायची. हे सगळं शेजारच्या निंबाभाऊंच्या सुनेशी, कामिनीशी, बोलता बोलता चालायचं आणि बोलण्यातला एक शब्द गळायचा नाही. तोतारामनाना खुर्चीत बसून रोज हे बघायचे. बघून बघून त्यांचा असा समज झाला होता की दार आपलं आपणच लागतं.

सुनंदाबाई दिवाळीनंतर वारल्या आणि दाराने लागायचं बंद केलं.

नानांनी अंगठा घालून पाहिला. अंगठा चेपला. कमरेने धक्का दिला. दार जागचं हललं नाही, कंबर हलली. मग त्यांनी आपल्यापुरता उपाय शोधला. दिवस मावळला की स्वयंपाकघरातली गव्हाची कोठी ढकलत आणायची आणि दाराला टेकवून ठेवायची. सकाळी दूधवाला आला की परत ढकलत न्यायची. तोवर दूधवाला बाहेर थांबे. लोकांना थांबायला लावण्यात नानांची हयात गेली होती. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आणि धुळ्याची गाडी उशिरा सुटेल हे भोंग्यावरून इतक्या थंड आवाजात सांगायचे की लोकांना राग येण्याआधी झोप यायची.

कोठीचा हा बंदोबस्त बाहेर फुटायचं कारण नव्हतं. पण पुण्याहून मुलीचा, भाविकाचा, व्हिडिओ कॉल आला आणि नानांनी फोन जरा तिरपा धरला.

"नाना, तुमच्या मागे कोठी आहे का ती?"

"हो."

"हॉलमध्ये कशाला?"

"गहू हवेशीर राहतो."

"नाना."

भाविका एका कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम करत होती. नुसतं 'नाना' म्हणून ती गप्प बसली की समोरचा माणूस आपोआप खरं बोलायला लागे. नानाही लागले. अंगठा, कंबर, कोठी, सगळं सांगून झालं.

"ऐका," भाविका म्हणाली. "आखाजीला मी येणारच आहे. त्या अक्षय्य तृतीयेला आईच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. तोवर दार नीट लागायला लागलं तर ठीक. नाही लागलं, तर माझ्याबरोबर पुण्याला चलायचं. आठ दिवसांसाठी नाही. कायमचं."

नाना पुण्याला एकदा जाऊन आले होते. तिथे भाविकाच्या घराचं दार बोटाचा ठसा पाहून उघडतं. नानांचे ठसे आयुष्यभर चुना मळून पार गुळगुळीत झालेले. सकाळी बनियनवर कचरा टाकायला म्हणून ते बाहेर आले, दार मागे गुपचूप लागलं आणि मग त्याने नानांना ओळखच दाखवली नाही. संध्याकाळपर्यंत ते लिफ्टजवळ बसून होते. येणारेजाणारे त्यांना नवीन वॉचमन समजून गाडी नीट लावली का विचारत होते. दुपारनंतर नानांनी उत्तरं द्यायलाही सुरुवात केली होती.

तेव्हा प्रश्न नुसता दाराचा नव्हता. घासणारं का असेना, आपलं दार राहतं की जातं, हा होता.

मिस्त्री मिळेना. लग्नसराई; गावातला प्रत्येक मिस्त्री कोणाच्या ना कोणाच्या लेकीचं कपाट करण्यात गुंतलेला. दुरुस्तीचं नाव काढलं की फोन कापायचे. निंबाभाऊंनी हे ऐकलं आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "त्यात काय आहे!"

निंबाभाऊ वीज मंडळातून निवृत्त झाले होते. जगात असं एकही काम नव्हतं ज्यात त्यांच्या मते काही असे. ते म्हणाले, "दार काढायचं, खालून रंधा मारायचा, परत लावायचं. चहा निवायच्या आत होतं. वीज खात्यात आम्ही खांबच्या खांब सरळ केलेत."

कॉलनीतले काही खांब अजून कसे उभे आहेत हे नाना रोज बघत होते. पण सल्ला फुकट होता आणि रंधाही निंबाभाऊंकडेच होता. शिवाय कामिनीने मोबाईलवर एक व्हिडिओ काढून दिला. त्यात एक हसरा माणूस हिंदीत बोलत बोलत दार काढतो, तासतो, लावतो आणि हात झटकतो. नानांनी तो तीनतीनदा पाहिला. त्या माणसाचं दार कोरं करकरीत होतं आणि मुळात घासतच नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पण शिकणाऱ्याने खुसपटं काढू नयेत म्हणून त्यांनी तो आणखी एकदा लावला.

सकाळी काम सुरू झालं. आधी पुढच्या खोलीतलं सामान अंगणात काढलं, कारण दार आत पडलं तर टीव्हीवर पडेल असं निंबाभाऊंचं म्हणणं होतं. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेले. त्यांना तेल पाजलं, शिव्या दिल्या, शेवटी हातोडी मारली. अस्सल सागाचं दार. सुटलं ते एकदम सुटलं आणि निंबाभाऊंच्या पायावर टेकलं. 'त्यात काय आहे' हे वाक्य त्या दिवशी पुन्हा ऐकू आलं नाही. रस्त्यावरचे दोघं धावून आले. चौघांनी मिळून दार उचललं आणि अंगणात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं.

चौकट मोकळी दिसायला लागली. सगळं घर रस्त्यावर. नानांना उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यांनी कपाटातून एक धुतलेली पांढरी चादर काढून चौकटीत टांगली.

ऊन असं की दाराला हात लावला तर चटका बसे. मंडपवाला निंबाभाऊंच्या ओळखीचा. त्याच्याकडे लाल, पिवळं, गुलाबी सगळं कापड लग्नांना गेलेलं. पांढरं तेवढं उरलं होतं. त्याने पांढऱ्या कापडाची सावली बांधून दिली आणि कापडाबरोबर जातातच म्हणून डझनभर खुर्च्याही ठेवून गेला. घरभर भुसा उडणार, तेव्हा चूल पेटवू नका म्हणत कामिनी भांडंभर खिचडी देऊन गेली. पाय सुजलेले निंबाभाऊ उन्हाने डोक्यावर उपरणं घेऊन एका खुर्चीत मान खाली घालून बसले.

हे सगळं नानांनी एकेक करून, चांगलं कारण असल्यामुळे केलं होतं. पण एकत्र कसं दिसतं हे त्यांनी रस्त्यावर जाऊन पाहिलं नाही. ते पाहिलं महापालिकेच्या अतिक्रमणवाल्या माणसाने. तो मोटारसायकलवरून उतरला आणि काखेतलं पावतीपुस्तक काढत म्हणाला, "मंडप कोणाचा?"

"माझा," नाना म्हणाले. ते रंध्याचं पातं घासत होते.

"निम्मा रस्त्यावर आलाय. परवानगी?"

"परवानगी कसली? दारावरचं आहे."

त्या माणसाने पांढरं कापड पाहिलं, चादर पाहिली, खिचडीचं भांडं पाहिलं, उपरणं घेतलेले निंबाभाऊ पाहिले. पावतीपुस्तक परत काखेत गेलं. आवाज खाली आला.

"माफ करा बाबा. केव्हा काढलं?"

"सकाळीच. चौघं लागले उचलायला. जड होतं."

"वय झालेलं होतं?"

"जुनं होतं. पण अजून टिकलं असतं."

"देवाची मर्जी."

"देवाची कसली, सुताराची! त्याने बसवतानाच वाकडं बसवलं."

माणूस दुःखाने काहीबाही बोलतो, हे त्याला नोकरीत पुष्कळ दिसलेलं असणार. त्याने मान खाली घातली आणि 'येतो' न म्हणता निघून गेला.

इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं थांबलं पाहिजे. आमच्या खानदेशात कोणी वारलं की लोक सांत्वनाला जात नाहीत, 'दारावर' जातात. 'पाचोऱ्याला दारावर चाललो' म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही, फक्त 'कोण?' म्हणतो. दारावर गेलेल्याने नमस्कार करायचा नाही, निघताना 'येतो' म्हणायचं नाही. नानांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचा जन्म इथलाच. पण ज्याच्या डोक्यात दार शिरलेलं असतं त्याला दार म्हणजे दारच दिसतं.

दुसऱ्या दिवशी धरणगावला त्यांच्या थोरल्या भावाच्या, जीवरामभाऊंच्या, नातीचा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी दोंडाईच्याहून यायची होती. उघडं घर सोडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून नानांनी भाऊबंदांच्या ग्रुपवर कळवलं. मोबाईलवर लिहितानाही त्यांचा हात भोंग्याच्या वळणानेच जाई. त्यांनी लिहिलं: 'महाजन यांच्या दारावर असल्यामुळे उद्याच्या कार्यक्रमास येणे होणार नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

आणि फोन दारावर ठेवला. तो पाणसळीसारखा वापरता येतो, दार समपातळीत आहे का ते दाखवतो, असं व्हिडिओतल्या हसऱ्या माणसाने सांगितलं होतं. फोनने दार समपातळीत असल्याचं दाखवलं, नानांनी रंधा मारला, दार हादरलं आणि फोन पातं घासायच्या पाण्याच्या बादलीत गेला. कामिनी म्हणाली, तांदळात ठेवा, पाणी ओढून घेतो. घरात तांदूळ संपलेला. नानांनी तो कोठीत, गव्हात पुरला.

तिकडे ग्रुपवर महाजनांमध्ये कोण गेलं याचा शोध सुरू झाला. तोतारामच्या फोनवरून निरोप आलाय, तेव्हा तोताराम शाबूत, असं आधी ठरलं. मग गेला असेल तर थोरला जीवराम, असं पारोळ्याच्या चुलत्यांनी धरलं आणि धरणगावला फोन लावला. तो जीवरामभाऊंनी स्वतःच उचलला. आपण जिवंत असल्याची खात्री झाल्यावर त्यांनी हिशेब मांडला: मी इथे आहे, नानाचा फोन लागत नाही, 'गैरसोयीबद्दल दिलगीर' असं जिवंत माणूस भावाला लिहीत नाही, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्याने त्याच्या फोनवरून टाकलंय. महाजन गेला तो तोतारामच. एकटा राहत होता, रात्री दार लागत नव्हतं, हे सगळ्यांना भाविकाकडून कळलेलंच होतं. साखरपुडा थांबला. जीवरामभाऊंचा मुलगा नीलेश स्वभावाने मवाळ. त्याने भाविकाला फोन करून वडील गेले असं काही सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "ताई, आम्ही सकाळीच नानांच्या दारावर पोचतोय, तू आत्ताच निघ." आणि रडू आल्यामुळे फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी नाना उठून कामाला लागले. दाराची जी बाजू घासत होती तिच्यावर आदल्या दिवशी पेन्सिलीने खूण केली होती. पण सावलीप्रमाणे दार दोनदा फिरवलं होतं आणि चहापाण्याला त्याच्यावरच बसणं झालं होतं, त्यामुळे खूण कोणाच्या तरी धोतराबरोबर गेली. नानांनी अंदाजाने एक बाजू धरली आणि रंधा मारायला सुरुवात केली. लाकूड वळत वळत निघत होतं. त्यांना बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी आपल्या हातून काहीतरी होताना ते पाहत होते. होता होता हात थांबेचना.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला गाड्या थांबल्या, आणि बायकांनी तिथूनच गळा काढला.

नानांनी रंधा ठेवला. गल्लीत कोण गेलं असेल? कालपर्यंत तर सगळे ठीक होते. माणुसकी असलेल्या माणसाने अशा वेळी मागे राहू नये. त्यांनी टॉवेल डोक्यावर घेतला, चेहरा ओढला, कुंपणाच्या मागच्या फटीतून बाहेर पडले आणि गर्दीच्या शेपटाला जाऊन मिळाले. सगळ्यात मागे एक टोपीवाले अनोळखी गृहस्थ चालत होते. नानांनी हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"महाजन. तोताराम महाजन," गृहस्थ म्हणाले. "एसटीत होते."

नाना दोन पावलं तसेच चालले.

"कसे गेले?"

"एकटे होते ना. बायको वारल्यावर खचले म्हणतात. दारही धड लागत नव्हतं घराचं."

"माणूस कसा होता?"

"मी कधी पाहिलेला नाही. आम्ही दोंडाईच्याचे, नवे सोयरे." गृहस्थांनी विचार केला. "पण चांगला असेल. गेल्यावर सगळे चांगलेच असतात."

हे ऐकून नानांना जास्त लागलं ते 'असेल'. इतकी वर्षं दोंडाईच्याच्या गाड्या ज्याने वेळेवर, निदान त्याच दिवशी तरी सोडल्या, त्याच्याबद्दल नुसतं 'असेल'? ते काही बोलणार, तोच पुढून जीवरामभाऊ मागे वळले. रडून लाल झालेले डोळे नानांवर आले, पुढे गेले आणि परत आले.

"हाऊ काय!" जीवरामभाऊ ओरडले. "हाऊ तं जित्ता शे!"

बायकांचा सूर मध्येच तुटला. सगळी गर्दी फिरली. टोपीवाले गृहस्थ नानांपासून हातभर लांब झाले.

"काय करी राह्यना रे तू आठे?"

"दारावर आलोय," नाना म्हणाले.

"कोन्हा दारवर?"

"ते मलाही आत्ताच कळलं."

सगळे अंगणात आले. चादर, कापड, खुर्च्या आणि मधोमध स्टुलांवर आडवं पडलेलं दार. निंबाभाऊंनी जमेल तेवढा खुलासा केला. जीवरामभाऊंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग त्यांचा बांध फुटला. "मी नातना साखरपुडा थांबाडीसन उनू! बट्ट्या तळाना व्हत्यात, त्या सोडीसन उनू! आनि तू मरना बी नही!"

नानांना खरोखरच ओशाळल्यासारखं झालं. एवढी माणसं उन्हातान्हात आली, गाड्या करून आली, आणि आपली तेवढीशीही तयारी नाही. ते म्हणाले, "चुकलं भाऊ." काय चुकलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

आता करायचं काय? दारावर आलेल्यांनी बसायचं असतं, पण दुःख नाही. पाहुणे म्हणून चहा घ्यावा, तर चूल बंद. निघावं, तर 'येतो' म्हणायचं की नाही म्हणायचं? दोंडाईच्याचे सोयरे तर खुर्च्यांच्या पाठी धरून नुसते उभे होते.

तेव्हा बेबाबाई पुढे आल्या. सुनंदाबाईंची थोरली बहीण, पाचोऱ्याच्या. हातात काठी. त्या थेट दारापाशी गेल्या, त्याच्यावर बसल्या, फळीवर हात फिरवला आणि मोठ्याने रडायला लागल्या.

"अक्का, अहो अक्का," नीलेश धावला, "नाना जिवंत आहेत. काही झालेलं नाही. ते बघा उभे आहेत."

"दिसतो मला," बेबाबाई म्हणाल्या. "डोळे नाही गेले माझे, गुडघा गेलाय. मी त्याच्यासाठी नाही रडत, सुनंदासाठी रडते. ती गेली तेव्हा मी दवाखान्यात होते, गुडघा कापलेला. मला कोणी येऊ दिलं नाही. आज आलेच आहे तर रडून घेते. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जा."

घाई कोणालाच नव्हती. मागच्या वेळी कोणाला कांदे काढायचे होते, कोणाच्या मुलाची परीक्षा होती. बरेचजण धावतपळत येऊन गेले होते. एकेकजण खुर्ची ओढून बसला. बायका बेबाबाईंच्या भोवती दारावर बसल्या. दार चांगलं मोठं होतं. जीवरामभाऊही बसले, धुसफुसत. उभे राहिले ते फक्त नाना. मागच्या वेळी त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, पाणी दिलं होतं, गाड्या कुठे लावायच्या ते सांगितलं होतं. आज खुर्च्या आधीच मांडलेल्या होत्या. करायला काही राहिलं नव्हतं. ते जाऊन बेबाबाईंच्या शेजारी दाराच्या काठावर बसले आणि रडले. आवाज न करता नाही, चांगले मोठ्याने. दोंडाईच्याच्या टोपीवाल्यांनी टोपी काढली.

नेमकी त्याच वेळी पुण्याची गाडी आली. भाविकाने पांढरं कापड पाहिलं, खुर्च्या पाहिल्या, मावशीचं रडणं ऐकलं आणि ती फाटकातच खाली बसली. जावई जितेंद्र तिला सावरत होता. कोणीतरी ओरडलं, पाणी आणा, पाणी. सवयीप्रमाणे नानाच उठले, तांब्या भरून आणला आणि मुलीपुढे धरला.

"घे, पाणी पी."

भाविकाने पाणी घेतलं, दोन घोट प्यायली आणि मग वर पाहिलं. तिने जो आवाज काढला तो आधीच्या सगळ्या रडण्यापेक्षा मोठा होता. मग तिने उठून बापाच्या दंडावर, छातीवर, मिळेल तिथे बुक्के मारले. "रात्रभर! रात्रभर रडत आलेय मी! फोन कुठे आहे तुमचा?"

"गव्हात."

"काय?"

"गव्हात आहे. तांदूळ नव्हता."

भाविका जितेंद्रकडे वळून म्हणाली, "बघ. बघ तू." आणि नानांची बॅग भरायला आत गेली. आखाजीपर्यंत थांबायचं नाही, आत्ताच निघायचं, हे तिने आतूनच सांगितलं. अंगणातल्या सगळ्यांना ते पटलं. निंबाभाऊंनाही पटलं, त्यांचा पाय अजून ठणकत होता.

मंडळी हळूहळू निघाली. निम्मे 'येतो' म्हणून गेले, निम्मे न म्हणता गेले. साखरपुडा आखाजीनंतरचा ठरला. बेबाबाईंनी जाताना नानांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "दार छान आहे, बसायला थंड लागतं," असं म्हणाल्या.

मग जितेंद्र, नीलेश आणि दोघा शेजाऱ्यांनी मिळून दार चौकटीत चढवलं. जुनी भोकं हातोडीने फाटलेली, म्हणून बिजागऱ्या जरा खाली आवळल्या. भाविकाने बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दार ओढलं. ते पूर्वीसारखंच खाली करकरत घासलं आणि अर्ध्यात अडकलं. तिने वर पाहिलं.

"नाना, तुम्ही कुठली बाजू तासली?"

"खालची."

"मग वरून आभाळ कसं दिसतंय?"

नानांनीही पाहिलं. चांगलं वीतभर दिसत होतं. आता कडी कोयंड्याला लागायचा प्रश्नच नव्हता. ती कोयंड्याच्या बरीच खाली, भलतीकडेच होती. कुलूप लावायला काही नव्हतं. आतून बंद होत नाही ते ठीक, पण आता बाहेरूनही बंद होत नव्हतं. जितेंद्र म्हणाला, दोरीने बांधू. नीलेश म्हणाला, विटा लावू. भाविकाने आतली कपाटं पाहिली, आईच्या साड्या, देव्हारा, पितळेची भांडी. दोरीने बांधून सोडून जाण्यासारखं ते घर नव्हतं. तिने बॅग उचलून आत आणली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "नवं दार करायचं. ते बसलं, कुलूप लागलं, की त्याच दिवशी निघायचं. तोवर मी इथे राहते. काम इथूनच करीन."

जितेंद्र एकटा परत गेला. निंबाभाऊंनी पायाचा वचपा म्हणून की काय, तांबापुऱ्यातून नूर महंमद मिस्त्रींना धरूनच आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौकटीचं माप घेतलं, जुन्या दाराकडे एकदा पाहिलं आणि सभ्यपणे मान फिरवली.

"केव्हा मिळेल?" भाविकाने विचारलं.

"बिटिया, लाकूड माझ्याकडे पडलंय. बघून सांगतो."

भाविका आत चहा टाकायला गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला, मग मिक्सरचा, मग डबा शोधताना तिचं एकटीचं बोलणं. मिस्त्री स्कूटरपाशी गेले. नाना त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आले.

"मिस्त्री, लाकूड वाळलेलं आहे का?"

"एकदम वाळलेलं, नाना. दोन उन्हाळे खाल्लेत त्याने. वाजवून घ्या. चार दिवसांत दार उभं करतो."

नानांनी स्कूटरच्या हँडलवर हात ठेवला. आतून भाविकाने ओरडून विचारलं, साखर कुठे आहे. नानांनी सांगितलं, खालच्या फडताळात. मग ते मिस्त्रींकडे वळले.

"मुलगी विचारेल तुम्हाला."

"हो, विचारेल ना."

"तिला सांगा, अजून ओलं आहे."